दुसऱ्या आडनावाचं पान

"एका घरात दोन आडनावांचे पितर जेवत नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "भांडतात. मग तेही उपाशी आणि हेही उपाशी."

पिलनाम तेव्हा ओट्याशी उभी राहून नेच्याचे वाळवलेले कोंब भिजत घालत होती. आजेसासऱ्यांच्या श्राद्धाची तयारी चालली होती. तिच्या आईला जाऊन चाळीसच दिवस झाले होते, आणि तिनं मागितलं होतं ते एवढंच की यंदा चुसकच्या, म्हणजे सुगीच्या सणाला सासरच्या क्वनांच्या पितरांचं सगळं यथासांग आटोपलं की त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर आईसाठी एक वाटी भात ठेवू दे. एक वाटी भात आणि एक चमचा. त्यावर हे उत्तर.

क्वनांच्या घरात वर्षाला नऊ वेळा पितरांचं पान मांडलं जातं. एकतीस वर्षं ते थोरल्या सुनेनं, म्हणजे पिलनामनं रांधलं होतं. ज्यांचं तोंड कधी पाहिलं नाही अशा माणसांना कुठली भाजी कमी तेलाची लागते ते तिला पाठ झालं होतं. आणि तिची स्वतःची आई, जिनं जुकब्यनच्या बंदरावर चाळीस वर्षं माकूळ साफ करून तिला वाढवलं, ती मात्र या सणाला कुणाच्याच दारात बसणार नव्हती. कारण तिला मुलगा नव्हता. मुलगा व्हावा म्हणून तर तिनं मुलीचं नाव पिलनाम ठेवलं होतं, 'पुढचा नक्की मुलगा' अशा अर्थाचं. पुढे कुणी झालंच नाही. माहेरच्या प्यो घराण्यात पान मांडणारा एक चुलतभाऊ होता, त्यानं चर्चला जायला लागल्यापासून पितरांना रामराम ठोकला होता.

"अहो, तुम्ही तरी बोला," तिनं नवऱ्याला म्हटलं.

जोंगगाप सफरचंदाच्या पेट्यांना खिळे मारत होता. तोंडात दोन खिळे धरून तो म्हणाला, "आई म्हणते तसं करू. उगाच कशाला वाद?"

हे त्याचं ठरलेलं वाक्य. लग्नात मिळालं होतं, अजून झिजलेलं नाही.

पिलनाम पुन्हा कोंबांकडं वळली. सासूबाईंना वाटलं, पटलं. पटलं कसलं! तिच्या अंगाची लाही लाही होत होती आणि त्यातच तिच्या डोक्यात एक साधा हिशोब उभा राहिला. या घरात नाही ना? मग दुसरं घर. ज्या घराला क्वनांचं नाव नाही. पण आईची बंदरावरची भाड्याची खोली मालकानं महिन्याच्या आत दुसऱ्याला दिली होती, आणि छप्पन्न वर्षांच्या बाईला नवऱ्याच्या सहीशिवाय नवं घर कोण देणार? तिच्या नावावर होतं काय, तर एक मोबाईल आणि एक ड्रायव्हिंग लायसन. लायसन मात्र भक्कम होतं. बागेतला ट्रक गेली वीस वर्षं तीच चालवत होती.

आणि टीव्हीवर तर रोज दाखवत होते: रिटायर झालेली जोडपी जुन्या व्हॅनमध्ये पलंग आणि ओटा बसवून घेतात आणि समुद्राकाठी जाऊन राहतात. झोपायला जागा, चूल, दार. घराला आणखी काय लागतं?

*

यंगजू शहराच्या बाहेर जुन्या गाड्यांचा मोठा अड्डा आहे. तिथल्या माणसानं पिलनामला आधी दोन छोट्या गाड्या दाखवल्या, मग तिच्या मागे पाहिलं.

"साहेब गाडी लावून येतायत का?"

"कुठले साहेब?"

"म्हणजे, मिस्टर."

"मिस्टर झाडावरच्या सफरचंदांना कागदी पिशव्या बांधतायत. गाडी मी घेतेय. ती पिवळी कुठली हो?"

पिवळी एका बालवाडीची होती. बारा इवल्या इवल्या खुर्च्या, खिडक्यांना ससे नि अस्वलं चिकटवलेली, आणि आत दुधाचा आंबूस वास. इंजिनाची चौकशी तिनं अशी केली की तो माणूस जरा सावरूनच उभा राहिला. खाली वाकून तिनं गंज पाहिला, गाडी सुरू करवली, मागच्या धुराजवळ तळहात धरून वास घेतला. बरं होतं सगळं. पोरांना नेणारी गाडी म्हणून निदान तेल वेळच्या वेळी बदललेलं होतं.

"ताई, पण एवढी मोठी? तुम्हाला एकटीला झेपेल का?"

"झेपत नसतं तर आले नसते. कागद काढा. आणि मालकाच्या रकान्यात प्यो पिलनाम लिहा. नीट लिहा, खाडाखोड नको."

पैसे आईच्या अंत्यविधीच्या विम्यातले उरलेले होते. ते सफरचंदांच्या औषधात गेले असते तर कुणी विचारलंही नसतं. गाडीत गेले तर मात्र अख्ख्या गावानं तोंडात बोट घातलं. धाकट्या जाऊबाईंचा फोन देगूहून तासाभरात आला. जाऊबाई सणाला दर वर्षी ट्रॅफिकमध्ये अडकतात आणि भजी तळून झाल्यावर बरोबर सुटतात. बातमीच्या बाबतीत मात्र त्यांना कधी ट्रॅफिक लागत नाही.

"वहिनी, ऐकलं ते खरं का? तुम्ही म्हणे व्हॅन घेतली. भावजींबरोबर फिरायला जाणार?"

"नाही, एकटी."

"अगबाई. भांडण झालं?"

"अजून नाही. सणाला होईल. या बघायला, लवकर."

*

मेंग नावाचा एक जण पूर्वी स्वयंपाकघरांचे ओटे बसवायचा आणि आता जुन्या व्हॅनची घरं करून द्यायचा. साठीचा, तोंडाळ, हाताला मात्र कमालीचा सफाईदार. पिवळी गाडी त्याच्या शेडमध्ये उभी राहिली तेव्हा त्यानं आत डोकावून कपाळाला हात लावला.

"हे ससे आधी सोलून काढा. मी सशांचं काम करत नाही."

ससे पिलनामनं काढले. हेअर ड्रायरनं गरम करून, नखानं, चार दिवस. खुर्च्याही तिनंच सोडवल्या. गंजलेले बोल्ट फिरेनात तेव्हा पान्याला पाईप लावून वर उभी राहिली. बागेच्या पंपाला लावून उरलेला गडद हिरवा रंग घरी पडून होता, तो आणला. बालवाडीची गाडी विकली की पिवळा रंग बदलावाच लागतो. मेंग म्हणाला, "ताई, फवाऱ्यातून मारू. ब्रशनं गाडी रंगवतात होय?" मग फवाऱ्यातून मारला.

सरकारी नियम मेंगला तोंडपाठ होते. झोपायला जागा हवीच. त्याशिवाय चूल, मोरी, टेबल, संडास यांतलं निदान एक हवं. तपासणीत हे दिसलं की कागदावर गाडीचं घर होतं.

"मला टेबल हवंय," पिलनाम म्हणाली. "आणि एक छोटी चूल."

"टेबल देतो की. घडीचं. दोन कप नि एक पाकीट बिस्किटं मावतील असं."

"तसं नको." तिनं दोन्ही हात पसरून दाखवलं.

"अहो ताई! अख्ख्या पोलीस चौकीला जेवू घालणार आहात का?"

"एकच बाई जेवणार आहे."

"मग एका बाईला एवढं टेबल कशाला? मग पलंग कुठं घालू, टपावर?"

त्या दिवशी ती तशीच घरी गेली. दुसऱ्या दिवशी येताना मात्र एक खोकं घेऊन आली. शेडमध्ये प्लायवूडचा तुकडा आडवा घातला आणि त्यावर घरून आणलेल्या रिकाम्या वाट्या-ताटल्या मांडायला लागली. सगळ्यात मागे भाताची वाटी, सार आणि पेला. मग भज्यांची आणि माशाची रांग. मग रश्श्यांची. मग भाज्या. पुढ्यात फळं. पाच रांगा. मेंग हातात करवत घेऊन बघत होता. तिसरी रांग मांडून व्हायच्या आतच त्यानं करवत खाली ठेवली. त्यालाही बापाचं पान मांडावं लागत होतंच की.

"कुणाचं?" त्यानं विचारलं.

"आईचं."

"भाऊ नाही?"

"नाही."

"सासरी?"

"सासरी एका घरात दोन आडनावं जेवत नाहीत म्हणे."

मेंगनं नाक खाजवलं, मोजपट्टी काढली आणि वाट्यांच्या कडेकडेनं मापं घ्यायला लागला.

"पलंगाच्या फळ्याच वर उचलून टेबल करतो," शेवटी तो म्हणाला. "रात्री झोपायचं, सकाळी तेच उचलायचं. पण एक सांगा. पान उत्तरेला तोंड करून मांडायचं. तुमचं हे घर आज इकडं तोंड करणार, उद्या तिकडं. उत्तर कुठली धरू?"

"जिथं आईच्या नावाचा कागद चिकटवीन ती उत्तर."

"असं चालतं?"

"पूर्वीपासून चालतं. घरातल्या भिंती तरी कुठं सगळ्यांच्या नेमक्या उत्तरेला असतात?"

*

पावसाळा सरला तेव्हा गाडी तपासणीत पास झाली. संध्याकाळी मेंगनं शेडमध्ये गाडीची छोटीशी पूजा मांडली. लाल चवळीचे थर दिलेली तांदळाची वडी आणली, भाताची दारू चारी चाकांवर शिंपडली, पिलनामला वाकून नमस्कार करायला लावला. मग पांढऱ्या दोऱ्यानं गुंडाळलेला अख्खा वाळका मासा काढला आणि सरकत्या दाराच्या आतल्या चौकटीला घट्ट बांधून टाकला. नव्या गाडीत असा मासा बांधतात, म्हणजे वाईट काही गाडीच्या वाटेला जात नाही.

तेवढ्यात शेडच्या तोंडाशी टॅक्सी थांबली आणि सासूबाई उतरल्या. चौऱ्याऐंशी वर्षांची म्हातारी, हातात काठी, अंगावर देवळात जायचं जाकीट.

"मेंग तूच का रे?" त्यांनी दारातूनच सुरुवात केली. "दुसऱ्याच्या सुना पळवायचा धंदा कधीपासून काढलास?"

"आजी, मी फक्त लाकूडकाम करतो."

"लाकूडकाम! घर फोडायचं काम करतोस. आणि तू गं? क्वनांची थोरली सून, सणाच्या दिवशी घर टाकून रस्त्यावर भात शिजवणार? लोक शेण घालतील आमच्या तोंडात!"

"लोकांनी एकतीस वर्षांत माझ्या तोंडात काय घातलं, सासूबाई?" पिलनाम म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी तुमच्या नऊ पानांत कधी कमी केलं नाही. तापात केलंय. पोर पोटात असताना केलंय. एक वाटी मागितली, एक! तुम्ही नाही म्हणालात. ठीक. आता माझी गाडी, माझं टेबल. तिथं कोण जेवणार ते मी ठरवीन."

"ठरव की! तुझ्या आईला तरी..." सासूबाई तावातावानं काठी उगारून गाडीच्या दाराशी आल्या आणि तिथंच थबकल्या. मान वर करून त्यांनी चौकट पाहिली. "हा मासा इथं कुणी टांगला?"

"मी," मेंग म्हणाला.

"गाढवा! दारात? अरे, या माशाच्या धाकानं मेलेलं माणूस उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही, त्यासाठीच तर तो बांधायचा. मग हिची आई काय खिडकीतून चढून येणार? आणि ही लाल चवळीही आतच ठेवलीयस, तिलाही पितर भितात! सगळं बाहेर काढ. मासा बॉनेटखाली बांध, इंजिनाची राखण करू दे त्याला."

मेंगनं पिलनामकडं पाहिलं, पिलनामनं सासूबाईंकडं. तिच्या हातून काय होणार होतं ते तिला आत्ता कळत होतं. पाच रांगा मांडल्या असत्या, भात वाढला असता, आणि आईला दारातूनच परत पाठवलं असतं. इतकी वर्षं पानं मांडून हे आपल्या ध्यानात येऊ नये याचा तिला स्वतःचाच राग आला.

सासूबाईंनाही आपण काय बोलून बसलो ते उमगलं असावं. त्या कानापर्यंत लाल झाल्या.

"मी जा म्हटलेलं नाही," त्यांनी काठी आपटली. "मी फक्त चूक दाखवली. चुकीचं मला बघवत नाही. टॅक्सी! अरे, गेला की काय तो?"

घरी त्यांना पिलनामनंच सोडलं, त्याच हिरव्या गाडीतून.

*

सणाच्या आदल्या दिवशी दुपारी क्वनांच्या अंगणात भजी तळायची मोठी कढई निघते. पिलनामनं ती धुऊन, पुसून, शेगडीवर ठेवली. शेजारी तेलाचा डबा ठेवला, पिठाचं पातेलं ठेवलं, भोपळ्याच्या चकत्या कापून ठेवल्या. मग एप्रन काढला आणि खुंटीला अडकवला.

गेला महिनाभर ती रोज सांगत होती की यंदा मी इथं नाही. कुणी मनावर घेतलं नव्हतं. बायका बोलतात आणि मग कामाला लागतात, असं जोंगगापनं धाकट्या भावाला फोनवर सांगतानाही तिनं ऐकलं होतं.

गाडीची किल्ली पाहिल्यावर मात्र तो धावत फाटकाशी आला.

"अगं, आता खरंच जातेस की काय? पाहुणे यायचेत. भजी कोण तळणार?"

"कढई तापायला ठेवा. पीठ भिजवलंय."

"चेष्टा करतेस? मला कुठं येतंय?"

"मलाही येत नव्हतं. तुमच्या आईनं पहिल्या वर्षी हात भाजेपर्यंत शिकवलं. त्या आहेत आत, विचारा."

"हे बघ," तो म्हणाला, आणि फाटकाच्या मधोमध उभा राहिला. शेजारची हान आजी कुंपणावरून सरळ सरळ बघत होती. "आज या फाटकाबाहेर गेलीस तर..."

पिलनाम थांबली. काच पूर्ण खाली घेतली.

"तर? वाक्य पुरं करा की."

जोंगगापनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. त्याला आयुष्यात प्रथमच वाद घालायची पाळी आली होती आणि सराव अजिबात नव्हता. घराच्या दारात सासूबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"पुरं झालं की फोन करा," पिलनाम म्हणाली आणि गाडी गिअरमध्ये टाकली. तो बाजूला झाला. व्हायलाच हवं होतं, ती थांबणार नव्हती.

फाटक मागे पडल्यावर पहिल्या वळणापर्यंत ती आरशातच बघत होती. दुसऱ्या वळणाला ती मोठ्यानं हसली. मग डोंगरातल्या रस्त्यावर तिला रडू आलं आणि ते तिनं गाडी न थांबवताच रडून घेतलं. मागं ताटल्या खुळखुळत होत्या.

*

जुकब्यनच्या बंदरावर सणाची सकाळ रिकामी असते. होड्या बांधलेल्या, माणसं घरोघरी पानाशी बसलेली. पिलनामनं गाडी लाटा अडवणाऱ्या भिंतीजवळ लावली होती, जिथून आईच्या जुन्या खोलीचं निळं छप्पर दिसायचं. आई वाट चुकणार नाही, हा त्यामागचा विचार.

उजाडताच तिनं गादी गुंडाळली, फळ्या उचलून टेबल केलं, आणि सगळं एकेक करून मांडलं. तांदळाचे करंजीसारखे लाडू सगळेच करतात, तिनं भातही केला. आई म्हणायची, लाडवांनी पोट भरत नाही. माकूळ ठेवलं नाही. चाळीस वर्षं ज्याची आतडी काढली ते आज तिच्या पुढ्यात कशाला? त्याऐवजी लाल मासा ठेवला, बंदरावरचा सगळ्यात महाग. सफरचंदं क्वनांच्या बागेतली होती. ती पिलनामनं आपल्या हातानं वाढवली होती, तेव्हा त्यावर कुणाचं नाव आहे हा प्रश्न तिला पडला नाही.

मग कागद. रीतीप्रमाणे बाईच्या कागदावर तिचं माहेरचं आडनाव आणि कुळाचं गाव लिहितात, नाव लिहीतच नाहीत. मेल्यावर बाई नुसती अमक्या कुळातली. पिलनामनं ब्रश शाईत बुडवून मोठ्या अक्षरांत लिहिलं: वू गोप्दान. आईचं नाव. ते आयुष्यात कुणी तिला हाक मारायला वापरलं नव्हतं. कागद तिनं खिडकीवर चिकटवला आणि ती उत्तर झाली.

गाडीत उभं राहून नमस्कार घालण्याएवढी उंची नव्हती. तिनं बाहेर भिंतीलगत चटई टाकली आणि उघड्या दारासमोर पालथी होऊन नमस्कार घातले. सिमेंटवर गुडघे दुखले. मासळीच्या गोडाऊनचा राखणदार कठड्याशी सिगारेट ओढत उभा होता, त्यानं सिगारेट विझवली आणि पाठ फिरवली.

भातात चमचा खोचून झाला. आता पितराला एकट्यानं जेवू द्यायचं. नऊ घास होतील एवढा वेळ सगळ्यांनी बाहेर थांबायचं, दार लावून. सणाच्या सकाळी हे बरेच जण गाळतात. तिनं गाळलं नाही. सरकतं दार ओढून घेतलं, गाडीकडं पाठ करून उभी राहिली, आणि तेवढ्यात फोन वाजला.

"अगं, ऐक," जोंगगाप कुजबुजत होता. "माशाचं तोंड कुठल्या बाजूला करायचं? पूर्वेला की पश्चिमेला?"

"तुम्ही किती वर्षं त्या पानासमोर उभे राहताय?"

"मी वाकतो ना! वाकलेल्या माणसाला मासा कुठं दिसतो? सगळे खोळंबलेत. धाकटा म्हणतो पूर्वेला, त्याची बायको म्हणते पश्चिमेला, आणि भजी तर... भज्यांचं विचारूच नकोस."

"तुमच्या आईंना विचारा."

"ती सांगतच नाहीये! भिंतीकडं तोंड करून बसलीय सकाळपासून. म्हणते, ज्यांना येतं त्यांना विचारा. सांग ना, आमचे पितर ताटकळलेत."

"थांबू देत," पिलनाम म्हणाली. "माझी आई सात महिने थांबलीय. तुमच्यांना तासभर उशीर झाला तर मरणार आहेत का?"

पलीकडं काहीतरी पडलं, कुणीतरी कुणाच्या तरी हातातून फोन ओढून घेतला. चपला फरपटल्याचा आवाज आला, मग एक दार लागलं. मग सासूबाईंचा आवाज, अगदी जवळून.

"आली का?"

पिलनामनं मागं वळून पाहिलं नाही, ते चाललं नसतं.

"आली. जेवतेय. दार लावलंय मी."

"कधी लावलंस?"

"आत्ताच."

"मग लवकर उघडू नकोस. नऊ घासांचा हिशोब पुरुषांचा असतो. ती सावकाश जेवते. तुझ्या लग्नात सगळी पंगत उठली तरी ती एकटी जेवत होती, आणि मी... आम्ही सगळ्या हसलो होतो तिला."

पिलनामच्या तोंडून गोड उत्तर बाहेर पडलं नाही. एवढ्यावर एकतीस वर्षं फिटणार नव्हती आणि ते तिला म्हातारीला कळू द्यायचं होतं.

"मला आठवतंय," ती म्हणाली. "तिलाही आठवत होतं."

"असेल." मग घसा साफ करून, नेहमीच्या आवाजात, "संध्याकाळपर्यंत ये. भांडी तशीच पडलीत."

"मी आज इथंच राहणार आहे. उद्याही. भांडी जेवतील त्यांनी घासावीत."

"कोण घासणार? ही माणसं?"

"एखादी बशी पहिल्या वर्षी फुटेल. दुसऱ्या वर्षी येईल त्यांना."

सासूबाईंनी फोन ठेवला. ठेवण्याआधी त्या हसल्या की खोकल्या, ते पिलनामला नीट समजलं नाही.

ती पाठ करून उभी राहिली. राखणदारानं दुसरी सिगारेट पेटवली. वारा सुटला होता, होड्या एकमेकींवर आपटत होत्या. नऊ घास कधीच होऊन गेले असतील, अठराही झाले असतील. सासरी या वेळेला ती स्वयंपाकघरात असायची, पुरुषांची पंगत उठायची वाट बघत, मग मुलांची, मग पाहुण्यांची. आज कुणी हाक मारणारं नव्हतं. तिनं आईला खुशाल जेवू दिलं. पाय दुखायला लागले तेव्हा तिनं वजन दुसऱ्या पायावर टाकलं आणि आणखी थांबली.

मग आत कळावं म्हणून ती तीनदा खाकरली आणि दार सरकवलं. भात पार निवला होता. ती आत चढली, आईसमोर मांडी घालून बसली, सगळ्यात मोठा माशाचा तुकडा स्वतःच्या भातावर घेतला आणि जेवायला लागली. सावकाश.